पीडीएफमधला निळा आणि साइटवरचा निळा

शनिवार सकाळ. पोहे झाले, दुसरा चहा झाला, आणि आठवडाभर डोक्यात खदखदत असलेला विषय आता उतरवून काढायला बसलोय. विषय ऐकूनच अर्धी मंडळी पळतील म्हणून आधीच सांगतो : सीएसएस. हो, तेच ते. ज्याला आमचे बॅकएंडवाले महारथी "रंगरंगोटी" म्हणतात आणि ज्याचं एस्टिमेट नेहमी "दहा मिनिटं" असतं, ते.

निमित्त असं झालं की मागच्या बुधवारी एका कॉलवर एक साहेब अगदी सहज म्हणाले, "अरे, बिल्ड-बिल्ड कशाला करत बसतोस, सर्व्हरवर जाऊन बदलून टाक ना एक ओळ." आणि कॉलवरच्या सहाही जणांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं. का वाटलं ते खाली येईलच.

मुद्दा आधीच मांडतो, शिव्या नंतर घाला. ज्या प्रोजेक्टचं स्टाइलशीट कुणाच्या तरी एकाच्या लॅपटॉपवर हाताने तयार होतं, आणि ज्याची स्टाइल गाइड म्हणजे शेअर्ड ड्राइव्हवर धूळ खात पडलेली एक देखणी पीडीएफ असते, त्या प्रोजेक्टला स्टाइल गाइड नाहीच असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. आणि त्याची किंमत ती पीडीएफ करणारा डिझायनर भरत नाही, ती पास करणारा मॅनेजरही भरत नाही. ती भरतं टीममधलं सगळ्यात नवीन पोरगं, आणि ती साइट वापरणारा कुणीतरी अनोळखी माणूस.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. एकाचं नुकसान करून शिकलो.

झालं असं...

२०२२ सालची गोष्ट. तेव्हा ज्या कंपनीत होतो तिचं नाव घेत नाही, कारण अशा कंपन्या पुण्यात कुठल्याही सिग्नलला उभं राहून मोजता येतील. प्रोजेक्ट होता ग्राहकांनी बिलं भरायच्या पोर्टलचा. क्लायंटने ब्रँड गाइडलाइन दिली होती, चौऱ्याऐंशी पानांची. लोगोच्या भोवती किती मोकळी जागा सोडायची यावर सहा पानं. निळ्या रंगाच्या चार छटा, त्यांची नावं, त्यामागचं तत्त्वज्ञान. फॉर्म भरताना चूक झाली तर ती सूचना कशी दिसावी यावर शून्य पानं. शून्य!

मग ती सूचना कशी दिसायची हे कुणी ठरवलं? कुणीच नाही. एका डेव्हलपरने दुसऱ्या पानावरच्या तळटीपेचा रंग उचलून चिकटवला. रंग होता #९९९. पांढऱ्यावर फिकट करडा. डब्ल्यूसीएजी म्हणून वेबसाइट सगळ्यांना वाचता याव्यात यासाठीची जी प्रमाणं आहेत, त्यात साध्या मजकुराला अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ हवा असं एए पातळीवर सांगितलंय. #९९९ पांढऱ्यावर भरतो जेमतेम २.८५ : १. म्हणजे चष्मा घरी विसरलेल्या माणसाला ती सूचना दिसतच नाही. ग्राहक क्रमांकाचा एक आकडा चुकला की तो बिचारा "पुढे जा" बटण दाबत बसतो, दाबत बसतो, आणि शेवटी हेल्पलाइनला फोन लावतो.

शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला क्लायंटची मेल आली की ही सूचना लोकांना वाचता येत नाहीये, ताबडतोब दुरुस्त करा. बरोबरच होतं त्यांचं.

आता शास्त्रशुद्ध मार्ग काय? सॅसच्या मूळ फाइलमध्ये रंग बदलायचा, बिल्ड चालवायचा, तयार झालेली सीएसएस फाइल सर्व्हरवर टाकायची. पण आमचा बिल्ड फक्त एकाच सीनियरच्या लॅपटॉपवर चालायचा आणि तो सीनियर गणपतीला कोकणात गेला होता. माझ्या मशीनवर नोड-सॅस इन्स्टॉलच होईना. ज्यांनी हा अनुभव घेतलाय ते आत्ता कपाळाला हात लावतील. नोड-सॅसच्या पोटात सी++ मधली लायब्ररी होती आणि नोडच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला तिची जुळणारी बायनरी लागायची. ती नाही मिळाली की पायथन शोध, कम्पायलर शोध, आणि मग स्क्रीनभर लाल अक्षरं. वर थंडपणे सांगणार की तुमचं सध्याचं एन्व्हायर्नमेंट आम्हाला चालत नाही.

मग अस्मादिकांनी तेच केलं जे सगळे करतात. सर्व्हरवर लॉगिन केलं, ती कम्पाइल होऊन मिनिफाय झालेली, एकाच लांबलचक ओळीतली फाइल उघडली, रंग शोधला आणि #५९५९५९ करून टाकला. कॉन्ट्रास्ट सातच्या आसपास. क्लायंटला म्हटलं कंट्रोल एफ-फाइव्ह मारा. त्यांनी मारला. "लुक्स गुड." नऊच्या आत घरी. सोमवारी मॅनेजरची सगळ्या टीमला मेल, माझ्या नावासकट, "ग्रेट सपोर्ट".

मूळ फाइलमध्ये मात्र #९९९ तसाच बसून राहिला.

महिन्याभराने टीममधल्या एका फ्रेशरला फुटरमधली एक लिंक बदलायचं काम दिलं. तीन महिने झाले होते त्याला जॉइन होऊन. त्याने सगळं बरोब्बर केलं. मूळ फाइलमध्ये बदल केला, सीनियरच्या शेजारी बसून बिल्ड चालवला, फाइल सर्व्हरवर टाकली, आपली लिंक तपासली. आणि त्या बिल्डने माझा शुक्रवारचा पराक्रम निमूटपणे पुसून टाकला. महिनाअखेरीला बिलं भरायची गर्दी झाली, हेल्पलाइनचे फोन वाढले, क्लायंटची मेल आली. या वेळी त्यात वरपर्यंतचे सगळे सीसीमध्ये.

मीटिंगमध्ये पहिला प्रश्न : "शेवटचं डिप्लॉयमेंट कुणी केलं?" नाव निघालं त्याचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी त्या मीटिंगमध्ये होतो. म्यूटवर होतो.

दोन दिवसांनी मॅनेजरला जाऊन खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे रे, पण त्याने प्रोसेस फॉलो करायला हवी होती ना." कुठली प्रोसेस? प्रोसेस फॉलो करणारा आख्ख्या टीममध्ये तो एकटाच होता! अप्रेझलमध्ये त्याच्या नावापुढे "लॅक ऑफ अटेन्शन टू डिटेल" असा शेरा राहिला तो राहिलाच. माझ्या नावापुढे "ग्रेट सपोर्ट".

असो. इथवर वाचून "मग तू आधी बोलायचं होतंस" असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं मान्य. पण फक्त माझ्या भित्रेपणावर हा विषय संपवला तर पुढच्या शुक्रवारी दुसरा कुणीतरी तेच करेल. कारण ती सगळी व्यवस्थाच अशी होती की चुकीचं काम करायला पाच मिनिटं लागायची आणि बरोबर काम करायला कोकणातून माणूस बोलवावा लागायचा.

खरं कुठे लिहिलंय?

जरा मोजून बघा. त्या प्रोजेक्टमध्ये "सूचनेचा रंग काय?" या एका प्रश्नाची उत्तरं किती ठिकाणी होती? पीडीएफ (जिथे उत्तरच नव्हतं), सॅसची मूळ फाइल, सर्व्हरवरची तयार फाइल, आणि ज्याने अजून कंट्रोल एफ-फाइव्ह मारला नाही त्याच्या ब्राउझरची कॅशे. चार ठिकाणं, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. चारही बदलायचे मार्ग वेगळे, आणि एक बदलला तर बाकीच्या तिघांना पत्ताही लागत नाही.

हे असं का झालं याला थोडा इतिहास आहे, तो थोडक्यात सांगतो. हाकोन विउम ली यांनी १९९४ मध्ये सर्नमध्ये असताना सीएसएसची कल्पना मांडली, आणि डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती प्रमाण म्हणून जाहीर झाली. त्यात व्हेरिएबल नव्हते. म्हणजे तुमचा ब्रँडचा निळा दीडशे ठिकाणी लागत असेल तर दीडशे ठिकाणी लिहा, बदलला तर दीडशे ठिकाणी बदला. दहा वर्षांनी, २००६ मध्ये, हॅम्प्टन कॅटलिन यांनी सॅसची रचना केली, नॅटली वाइझेनबाउम यांनी ती पुढे वाढवली, आणि निळ्याला एकदा नाव देऊन सगळीकडे ते नाव वापरायची सोय झाली. २००९ मध्ये लेस आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असत्या, पण तेव्हा शाळेत होतो.

या सोयीची एक किंमत होती. आता आपण लिहितो ती फाइल वेगळी आणि ब्राउझर वाचतो ती फाइल वेगळी. मधे एक पायरी आली. ज्या दिवशी ती पायरी आली त्याच दिवशी ती ऑटोमेट करायची जबाबदारीही आली, आणि निम्म्या टीम्सनी पहिली गोष्ट घेतली, दुसरी सोडून दिली.

गंमत म्हणजे हा धडा संगणकाच्या दुनियेत फार जुना आहे. १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' लिहिलं, ते कशामुळे? त्यांच्या एका सहकाऱ्याची आख्खी सकाळ एक बग शोधण्यात वाया गेली. प्रोग्रॅम बरोबर होता, बग आधीच दुरुस्त केलेला होता, फक्त ती फाइल पुन्हा कम्पाइल करायची राहून गेली होती. जुनी तयार फाइल चालू होती! म्हणजे आमच्या पोर्टलवर जे झालं त्याचंच भावंड, सेहेचाळीस वर्षं आधीचं. त्यावरचा उपायही तेव्हापासून उपलब्ध आहे : कुठली फाइल कशापासून बनते ते एकदा लिहून ठेवा, आणि बनवायचं काम माणसावर सोपवू नका. २०१२ मध्ये ग्रंट आलं, २०१३ मध्ये गल्प आलं, पुढे आणखी बरीच हत्यारं आली. नावं बदलली, सांगणं तेच.

आणि ज्या नोड-सॅसच्या नावाने मी त्या शुक्रवारी बोटं मोडली, ते ज्या लिबसॅसवर उभं होतं ते ऑक्टोबर २०२० मध्येच "आता हे वापरू नका, डार्ट सॅसकडे वळा" म्हणून जाहीर झालं होतं. त्याआधीचं रूबी सॅस मार्च २०१९ मध्ये बंद झालं होतं. म्हणजे आम्ही दोन वर्षं पाया खचलेल्या घरात राहत होतो. का? "चालतंय ना, कशाला हात लावायचा?" कुणाच्याही केआरएमध्ये ते काम नव्हतं. तसं ते कधीच नसतं.

जिवंत म्हणजे काय?

आता स्टाइल गाइडकडे येऊ. "लिव्हिंग स्टाइल गाइड" हा शब्द हल्ली कुठल्याही प्रेझेंटेशनमध्ये टाकतात. पीडीएफचं वेब पेज केलं की झाली जिवंत! नाही हो, अशी नाही होत.

जिवंत गाइडची माझी एक साधी परीक्षा आहे : गाइड न बिघडता साइट बिघडू शकते का? बिघडू शकत असेल तर ती गाइड मेलेली आहे, मग ती पीडीएफ असो, फिग्मा असो की विकी. खरी जिवंत गाइड म्हणजे ज्या पानावर तुमची सगळी बटणं, फॉर्म, सूचना, तक्ते ओळीने मांडलेले आहेत, आणि ते पान तीच सीएसएस फाइल वापरतं जी ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये जाते. तीच. तिची कॉपी नव्हे. त्याच बिल्डमधून साइट निघते आणि त्याच बिल्डमधून गाइड निघते. बटण साइटवर वाकडं झालं तर गाइडमध्येही वाकडंच दिसणार, कारण दोन बटणं मुळात नाहीतच.

हे काही आकाशातून आणायचं नाहीये. २०११ मध्ये गिटहबमध्ये काम करणाऱ्या काइल नीथ यांनी केएसएस नावाची पद्धत मांडली. इतकी साधी की हसू येईल. स्टाइलशीटमध्ये बटणाच्या नियमाच्या डोक्यावर एक कॉमेंट लिहायची : हे बटण कशासाठी, माउस नेल्यावर कसं, बंद असताना कसं, आणि गाइडमधला विभाग क्रमांक किती. एक प्रोग्रॅम त्या कॉमेंट्स वाचतो आणि पान तयार करतो. कोड आणि त्याचं स्पष्टीकरण एकाच फाइलमध्ये, एकाखाली एक. बदलताना दोन्ही डोळ्यांसमोर. २०१३ मध्ये ब्रॅड फ्रॉस्ट आणि डेव्ह ओल्सन यांनी पॅटर्न लॅब आणलं. पुढच्याच वर्षी लोनली प्लॅनेट या प्रवासाच्या साइटने आपली रिझो ही गाइड लोकांपुढे ठेवली, ज्यात साइट आणि गाइड दोन्ही त्याच कंपोनन्टवरून पान काढायच्या. २०१६ मध्ये स्टोरीबुक आलं, ते तर आपल्या शेजारच्या श्रीलंकेतल्या अरुणोद सुसिरिपाल यांनी सुरू केलेलं. २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारने आपली डिझाइन सिस्टिम सगळ्यांसाठी खुली केली. सरकार, बरं का! आणि आपण स्वतःला टेक कंपनी म्हणवून घेतो आणि पीडीएफ मेल करतो.

पोर्टलच्या गोष्टीत अशी गाइड असती तर? सूचनेचा नमुना त्या पानावर असता. #९९९ पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी डोळ्यांत खुपला असता. आणि नसता खुपला तरी कॉन्ट्रास्ट तपासणारं हत्यार त्या एका पानावर दर बिल्डला चालवता आलं असतं. साइटची दोनशे पानं तपासायला कुणाकडे वेळ नसतो. गाइडचं एक पान तपासायला यंत्राला काही सेकंद लागतात.

जरा देवनागरीबद्दल

हा भाग खास आपल्या लोकांसाठी. त्या प्रोजेक्टनंतर मी एका मराठी साइटवर काम केलं, आणि तिथे कळलं की जगातल्या बहुतेक गाइड "लोरेम इप्सम" गृहीत धरून केलेल्या असतात. त्यात आपली लिपी घाला आणि मजा बघा.

शीर्षकाला डिझायनरने हौसेने लेटर-स्पेसिंग दिलेलं असतं. रोमनमध्ये ते ऐटबाज दिसतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. लाइन-हाइट १.२ ठेवून वर ओव्हरफ्लो हिडन केलं की वरच्या मात्रा आणि रफार छाटले जातात, खाली उकार अर्धे कापले जातात. मेनूतल्या शब्दांना ठसठशीत करायला सगळी अक्षरं कॅपिटल केलेली असतात, आणि देवनागरीत कॅपिटल हा प्रकारच नसल्याने मेनू आणि साधा मजकूर सारखाच दिसतो. "सेव्ह" मावेल इतकंच रुंद बटण केलेलं असतं, आणि त्यात "माहिती जतन करा" बसवायचं असतं. काही फॉन्टांमध्ये तर मराठी वळणाचे ल आणि श पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये सांगितल्याशिवाय उमटतच नाहीत, हिंदी वळणाचे येतात.

हे सगळं पीडीएफमध्ये कधीच दिसत नाही. डिझायनर ज्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो ते वेगळं, ब्राउझर वेगळा, ग्राहकाच्या फोनवरचा फॉन्ट वेगळा. आम्ही त्या साइटच्या जिवंत गाइडमध्ये प्रत्येक नमुना दोनदा ठेवला, एकदा इंग्रजीत आणि एकदा मुद्दाम अवघड शब्द निवडून मराठीत. त्र्यंबकेश्वर, कर्त्यांनी, शुश्रूषा, दुर्मिळ. जो नियम रोमनला चालतो आणि मराठीला चालत नाही, तो भाषेनुसार वेगळा लिहिला. पहिल्याच दिवशी अकरा चुका सापडल्या. त्यातल्या नऊ ब्रँडच्या कागदोपत्री नियमांनुसार "बरोबर" होत्या.

आता तुमचे आक्षेप

"वेळ नाही." हा नेहमीचा यशस्वी. मग कंट्रोल एफ-फाइव्ह मारा, कॅशे क्लिअर करा, तुमच्याकडे दिसतंय का, माझ्याकडे दिसतंय, स्क्रीनशॉट पाठवा... या कीर्तनात रोज जातो तो वेळ कुणाचा? बिल्डमध्ये फाइलच्या नावाला मजकुरानुसार बदलणारा हॅश जोडला की मजकूर बदलला की नाव बदलतं, नवं नाव आलं की ब्राउझर नवी फाइल आणतो. हे कीर्तन कायमचं बंद. हे बसवायला एक दुपार पुरते.

"आमचा प्रोजेक्ट छोटा आहे." हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. हल्ली ब्राउझरमध्येच सीएसएसचे स्वतःचे व्हेरिएबल आहेत, २०२३ पासून प्रमुख ब्राउझरांत नेस्टिंगही आहे. चार पानांच्या साइटला सॅस नसलं तरी चालतं, खरंच चालतं. लिहिता तीच फाइल ब्राउझर वाचत असेल तर मधली पायरीच गेली, उत्तम. पण तरीही ती फाइल सर्व्हरवर हाताने बदलू नका. ती गिटमधूनच जाऊ द्या.

"आमच्याकडे फिग्मा आहे." छान आहे. फिग्मा म्हणजे घराचा नकाशा. गळती कुठे लागलीये ते नकाशात दिसत नाही, घरात जाऊन बघावं लागतं.

"आम्ही टेलविंड वापरतो." त्याने रंग आणि अंतरं यांची शिस्त येते, हे कबूल. पण तुमचं बटण कसं दिसतं या प्रश्नाचं उत्तर तरीही तीस फाइल्समध्ये विखुरलेलं असू शकतं. बटण एकाच जागी बनवा आणि गाइडमध्ये मांडा, मग टेलविंड वापरा नाहीतर आणखी काही.

"आता एआय लिहून देतो सीएसएस." हा सगळ्यात ताजा. अहो, देतो ना! झटपट देतो. पण तुमच्या रेपोमध्ये आधीच करड्या रंगाच्या एकेचाळीस छटा असतील तर तो बेचाळिसावी तितक्याच आत्मविश्वासाने देतो. चांगलं काय आणि टाकाऊ काय हे तुमच्या प्रोजेक्टमध्ये कुठेतरी लिहिलेलं असेल तरच त्याला कळणार. लिहिण्याचा वेग वाढला की तपासणीची गरज कमी होते हे गणित कुणी शिकवलं?

सोमवारी काय करायचं?

नुसत्या पाट्या टाकणाऱ्यांना इथेच नमस्कार. बाकीच्यांसाठी, मी आता प्रत्येक प्रोजेक्टवर पहिल्या आठवड्यात करतो ती यादी :

१. तयार होणारी सीएसएस फाइल गिटमध्ये ठेवायची नाही. गिटमध्ये फक्त मूळ फाइल्स. तयार फाइल कुणाला हाताने बदलायचा मोहच नको.

२. बिल्डची आज्ञा एकच. नवीन माणसाने रेपो घेतला, डिपेन्डन्सी इन्स्टॉल केल्या, ती एक आज्ञा दिली, झालं. जॉइन झाल्याच्या दिवशी त्याच्याकडे बिल्ड चालला नाही तर तो त्याचा नाही, टीमचा बग.

३. नोडची आणि सगळ्या पॅकेजेसची आवृत्ती पक्की लिहून ठेवायची आणि लॉक फाइल कमिट करायची. आणि वर्षातून दोनदा, कॅलेंडरमध्ये तारीख टाकून, त्या आवृत्त्या वाढवायच्या. पाया खचायची वाट बघायची नाही.

४. खरा बिल्ड कुणाच्याही लॅपटॉपवर नाही, सीआयवर. प्रत्येक कमिटला. सर्व्हरवर फक्त सीआयची फाइल जाते.

५. स्टाइललिंट लावायचं, आणि व्हेरिएबलच्या फाइलशिवाय इतरत्र कच्चा हेक्स रंग दिसला की बिल्ड फेल. पहिल्या दिवशी शेकड्याने चुका येतील. घाबरू नका. जुन्या फाइल्सना तात्पुरती सूट द्या, नव्यांना नाही.

६. गाइडचं पान त्याच बिल्डमधून, त्याच फाइलवर. सुरुवात फक्त पाच गोष्टींनी करा : बटण, इनपुट, सूचना, शीर्षक, तक्ता. सूचना विसरू नका. लोकांना साइटची सगळ्यात जास्त गरज चूक झाल्यावर असते, आणि नेमकं तेच कुणी डिझाइन करत नाही.

७. गाइडच्या पानाचे स्क्रीनशॉट दर बिल्डला आधीच्यांशी ताडून बघायचे. बॅकस्टॉपजेएससारखी हत्यारं हे फुकटात करतात. फुटर बदलताना सूचनेचा रंग बदलला तर मर्ज करायच्या आधीच लाल दिवा.

यातला सातवा मुद्दा पुन्हा वाचा. २०२२ मध्ये आमच्याकडे तेवढा एक जरी असता तरी त्या पोराला मर्ज करायच्या आधी यंत्राने सांगितलं असतं, "अरे, हे बघ." मग त्याने मला विचारलं असतं, मी ओशाळून मूळ फाइल दुरुस्त केली असती, आणि गोष्ट चहाच्या टपरीवर हसण्यावारी संपली असती. मीटिंग नाही, सीसी नाही, शेरा नाही.

यंत्राने पकडलेली चूक कुणाच्या अप्रेझलमध्ये जात नाही. बॉसने पकडलेली जाते. ऑटोमेशन म्हटलं की मॅनेजर लोकांना वाचलेले मॅन-अवर्स दिसतात. मला ते म्यूट बटण दिसतं.

तो मुलगा नंतर वर्षभरात कंपनी सोडून गेला. आता दुसरीकडे छान चाललंय त्याचं, फ्रंटएंड टीम सांभाळतो. मागच्या दिवाळीत मी त्याला मेसेज केला, सगळं लिहून माफी मागितली. तीन वर्षं उशिरा. त्याचं उत्तर आलं, "सोड ना दादा, मला माहीत होतं तेव्हाच. सर्व्हरवर फाइलची तारीख बघितली होती मी." आणि खाली एक स्माइली.

लॅक ऑफ अटेन्शन टू डिटेल म्हणे!

बुधवारच्या त्या साहेबांना मी कॉलवर एवढंच म्हटलं की एक ओळ बदलायला मला वीस मिनिटं द्या, बिल्डमधूनच जाईल. आणि कॉल संपल्यावर ॲडमिनला मेल टाकली की प्रॉडक्शन सर्व्हरवरचा सगळ्या डेव्हलपर्सचा राइट ॲक्सेस काढून घ्या. यादीत पहिलं नाव माझं टाकलंय.

असो. पोह्यांची कढई घासायची आहे, ते अजून ऑटोमेट झालेलं नाही.